कवायत आणि तालीम: लहान पायांना फुटबॉल शिकवण्याचा इतिहास



आजचा विषय फुटबॉल आहे, पण गाजलेले सामने किंवा मोठे खेळाडू यांच्यावर आपण फार वेळ घालवणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला चेंडू थांबवायला, वळवायला आणि नेमका पास द्यायला शिकवायचं कसं? चांगला सराव म्हणजे काय? या प्रश्नालाही इतिहास आहे. त्यात इंग्लंड आहे, हंगेरी आहे, हैदराबाद आहे, आणि आपलं कोल्हापूरही आहे.

सुरुवात मात्र लखनौहून करू. शहराच्या उत्तरेला, सीतापूर रोड आणि कुर्सी रोड यांच्या मधल्या भागात जानकीपुरम नावाची मोठी वसाहत आहे. तिथून जवळच, कुर्सी रोडवर गुडंबा इथं, गुरु गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेज आहे. १९७५ साली उत्तर प्रदेश सरकारनं ते सुरू केलं. नावात कॉलेज असलं तरी ही खरं म्हणजे निवासी शाळा आहे. सहावीच्या वयाची मुलं इथं येतात, तिथंच राहतात, सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात आणि मधल्या वेळात वर्गात बसतात. क्रिकेटपटू सुरेश रैना इथलाच. क्रिकेट आणि हॉकीच्या बरोबरीनं इथं फुटबॉलही शिकवला जातो.

नोकरीधंद्यानिमित्त लखनौत, इंदूरला, बडोद्याला, बेळगावात राहणारे आपले मराठी आईबाप संध्याकाळी मुलाला मैदानावर सोडतात आणि कडेला उभे राहतात. जानकीपुरम असो की कोथरूड, समोरचं दृश्य बरंचसं सारखंच असतं. वीस मुलं एका रांगेत उभी आहेत. कोचनं शिट्टी मारली की एक जण खुणेच्या शंकूंमधून चेंडू नेतो, गोलवर मारतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. मैदान शिस्तीत दिसतं. पालकही खूश असतात. पण मूल काय शिकलं?

दोन शब्द, दोन वाटा

सरावासाठी आपल्या भाषेत दोन जुने शब्द आहेत, आणि दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले आहेत. पहिला कवायत. मूळ शब्द 'कवाइद', म्हणजे नियम. आपला 'कायदा' हा त्याच शब्दाच्या एकवचनातून आला. कवायत म्हणजे नियमानं, एका हुकमावर, सगळ्यांनी एकसारखी केलेली हालचाल. हा शब्द आपल्याकडे फौजेतून शाळेत आला आणि पीटीच्या तासाला कायमचा चिकटला.

दुसरा शब्द तालीम. मूळ अर्थ शिकवणं. लखनौत आजही 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र हा शब्द आखाड्यात गेला, नाटकाच्या रंगमंचावर गेला, आणि 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला' अशा वाक्यात गुरूच्या घरीही पोचला. आखाडा असो की नाटक, तालमीत एक गोष्ट समान असते. समोर कुणीतरी असतं. कुस्तीत जोडीदार असतो, नाटकात सहकलाकार असतो, आणि बाजूला चुका पाहणारा उस्ताद असतो. समोरचा काय करतो यावर तुमची पुढची हालचाल ठरते.

मुलांच्या फुटबॉलचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मला या दोन शब्दांमधली ओढाताण वाटतो. जिथं तालीम झाली तिथं खेळाडू घडले. जिथं नुसती कवायत झाली तिथं मुलं दमली.

एका ऑलिंपिकचे दोन निकाल

लखनौच्या मध्यभागी के. डी. सिंग बाबू स्टेडियम आहे. बाबू हे बाराबंकीचे, म्हणजे लखनौच्या शेजारच्याच जिल्ह्याचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं.

त्याच ऑलिंपिकमध्ये, काही दिवस आधी, भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. एकाच देशातून, एकाच वर्षी गेलेले दोन संघ. एक जगात पहिला आला आणि दुसऱ्यानं दहा गोल खाल्ले.

आपले खेळाडू अडाणी होते म्हणून हे झालं असं समजू नका. भारतीय खेळाडू तेव्हा बहुतेक अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून खेळत. चेंडूचा स्पर्श थेट कातडीला व्हायचा, आणि त्यातून आलेली नजाकत परदेशी प्रेक्षकांनीही वाखाणली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये याच पद्धतीनं खेळून आपण फ्रान्सशी फक्त १-२ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्णपदकही मिळवलं. पण हेलसिंकीच्या गारठ्यात, समोरचा संघ एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवत असताना, एकट्याची नजाकत पुरी पडली नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले.

बूट बाजारातून आणता येतात. एका स्पर्शात पास देणारा पाय कुठून आणायचा? हा प्रश्न त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यासमोर उभा होता. त्यांच्याकडे जाण्याआधी युरोपात त्या वेळी काय चाललं होतं ते पाहू, कारण उत्तराचा एक धागा तिथं आहे.

आठवडाभर चेंडूच नाही

फुटबॉलचे नियम इंग्लंडनं घालून दिले, पण सराव कसा करावा याबद्दल तिथं विचित्र समजूत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक इंग्लिश क्लबांमध्ये आठवडाभर खेळाडूंना मैदानाभोवती पळवत आणि चेंडू क्वचितच देत. आठवडाभर चेंडूची भूक राहिली की शनिवारी खेळाडू त्यावर तुटून पडेल, असा त्यामागचा हिशेब. आठवडाभर तंबोरा लपवून ठेवला की शनिवारी गाणं रंगेल, असं म्हणण्यासारखंच हे.

बर्नली क्लबकडून खेळणाऱ्या जिमी हॉगन नावाच्या तरुणाला हे पटत नव्हतं. त्याची एक हकीकत सांगतात. सामन्यात त्याचा एक फटका गोलवरून उंच गेला. त्यानं व्यवस्थापकाला विचारलं, माझा पाय चुकीच्या जागी होता का, शरीराचा तोल गेला होता का? उत्तर मिळालं ते अशा अर्थाचं: मारत राहा, दहातला एखादा गेला तरी पुष्कळ. हॉगनला हे उत्तर आयुष्यभर टोचलं. चूक का झाली हे सांगता येत नसेल तर शिकवणार काय?

हॉगन युरोपात गेला, आधी नेदरलँड्सला आणि मग व्हिएन्नाला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रियात अडकला. इंग्रज म्हणून शत्रूचा नागरिक. शेवटी त्याला बुडापेस्टला जाण्याची परवानगी मिळाली आणि तिथल्या एमटीके क्लबमध्ये तो शिकवू लागला. मोठे खेळाडू युद्धावर गेलेले, म्हणून त्यानं पोरांना हाताशी धरलं. बागेत चेंडू खेळणारी दोन मुलं, ग्यॉर्गी ऑर्थ आणि योझेफ ब्राउन, त्यानं हेरली आणि क्लबात आणली. पुढे दोघंही हंगेरीचे नामांकित खेळाडू झाले. हॉगनची पद्धत साधी होती. चेंडू हातात, म्हणजे पायात, सतत. उंचावरून येणारा चेंडू मांडीवर घ्या, छातीवर घ्या, मग तो लगेच कुणाला तरी द्या. आणि प्रत्येक चुकीचं कारण शोधा.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ असं हरवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या संघाकडून इंग्लंडचा मायदेशातला हा पहिला पराभव. फेरेन्ट्स पुश्काशनं बुटाच्या तळव्यानं चेंडू मागे ओढून इंग्लंडच्या कर्णधाराला चकवलं, ते दृश्य आजही दाखवलं जातं. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी या यशाचं श्रेय हॉगनला दिलं. आपल्याच देशानं न ऐकलेला माणूस दुसऱ्याच्या पोरांना शिकवून गेला होता.

रहीम साहेबांची शाळा

आता हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद होती. तेव्हा रहीम साहेबांना परकं समजायचं कारण नाही. २०२४ मध्ये आलेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे त्यांचं नाव अनेकांना कळलं. चित्रपटात दिसतं ते १९६२ चं सुवर्णपदक. मला त्याआधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

रहीम पेशानं शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठातून शिकलेले, हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवणारे. फुटबॉल संघटनेचं काम हाती आलं तेव्हा त्यांनी ते मास्तरासारखंच केलं. पोरांना काय येत नाही ते पाहिलं आणि तेच करावं लागेल अशी परिस्थिती निर्माण केली.

पोरांना डावा पाय वापरता येत नाही? मग त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात कमजोर पायानंच खेळायचं. उजव्या पायाच्या खेळाडूला डाव्यानंच चेंडू मारायचा. पोरं चेंडू पायात घोळवत बसतात, पास देत नाहीत? मग ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा.

इथं थोडं थांबू, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे. डावा पाय सुधारायचा दुसरा मार्गही होता. पोरांना रांगेत उभं करून भिंतीवर डाव्या पायानं शंभर फटके मारायला लावायचे. रहीम यांनी तेच उद्दिष्ट खेळात घातलं. सामना चालू आहे, समोर प्रतिस्पर्धी धावत येतोय, मित्र डावीकडे मोकळा आहे, आणि तुमच्याकडे फक्त डावा पाय आहे. आता मूल नुसता फटका शिकत नाही. कधी मारायचा, कुठे मारायचा, शरीर कसं वळवायचं, चेंडू येण्याआधी मान वर करून कुठे बघायचं, हे सगळं एकत्र शिकतं. आणि स्पर्धा म्हटल्यावर हौसेनं शिकतं. ड्रिब्लिंग बंद केलं की चेंडू येण्याआधीच विचार करावा लागतो, कारण आल्यावर विचाराला वेळच उरत नाही. हेलसिंकीला नेमकं हेच कमी पडलं होतं.

याचं फळ मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप खेळला जायचा. १८९१ पासूनची ही जुनी स्पर्धा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं ती रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं जिंकली. पुढे देशाच्या संघातही हैदराबादचे अनेक खेळाडू आले. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुलसीदास बलराम हा त्यातला एक.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मुंबईच्या क्लब फुटबॉलमध्ये चमकलेल्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला देश चौथा आला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून आशियाई सुवर्णपदक मिळालं. तेव्हा रहीम यांना कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं ते आपलं शेवटचं सुवर्णपदक. १९७० मध्ये एक कांस्य आलं, त्यानंतर काही नाही. याची कारणं अनेक आहेत: पैसा, संघटना, इतर देशांची प्रगती. पण एक कारण माझ्या मते असं की रहीम यांचे निकाल आपण जपले आणि त्यांची पद्धत हरवू दिली. सुवर्णपदकाचं वर्ष फुटबॉलप्रेमींना पाठ असतं. कमजोर पायाच्या स्पर्धा पुन्हा भरवाव्यात असं फार थोड्यांना वाटलं.

प्रयोगशाळेनं काय सांगितलं

शाळामास्तरानं अनुभवातून जे ओळखलं, ते पुढे शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वाटांनी तपासलं.

सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचालींचं चित्रण केलं. अपेक्षा अशी की कसलेल्या माणसाचा हात दर वेळी अगदी एकाच रेषेत फिरत असेल. दिसलं उलटं. हातोडा दर वेळी जवळपास त्याच जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. कसलेला माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही. तो तेच काम दर वेळी नव्यानं सोडवतो.

१९७८ साली कर आणि बूथ या दोन संशोधकांनी मुलांवर एक साधा प्रयोग केला. लहान पिशव्या जमिनीवरच्या खुणेवर फेकायच्या, आणि तेही खूण न बघता. आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटानं फक्त तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्या गटानं दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून मुळीच नाही. काही आठवड्यांनी दोन्ही गटांची परीक्षा तीन फुटांवरूनच घेतली. ज्यांनी त्या अंतराचा सराव कधी केलाच नव्हता, त्यांचा नेम जास्त चांगला लागला.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, शिया आणि मॉर्गन यांनी दुसरी बाजू दाखवली. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकायच्या होत्या. एका गटानं एक पूर्ण झाल्यावर दुसरी, मग तिसरी असं शिकलं. दुसऱ्या गटानं तिन्ही मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट जास्त सफाईदार दिसत होता. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांना जास्त आठवत होतं.

कडेला उभ्या राहणाऱ्या आईबापांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सराव चालू असताना सुबक दिसणं आणि शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रांगेतला सराव सुबक दिसतो. खरा सराव अनेकदा गबाळा दिसतो, त्यात चेंडू निसटतात, पोरं गोंधळतात, हसतात, भांडतात.

याचा अर्थ घोटून घेणं वाईट असा नाही. लखनौ हे कथकचं घराणं. तिथं तत्कार घोटल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. पण गुरू समोर बसलेला असतो, लय बदलतो, तिहाई मागतो, चुकलेलं पाऊल कानानं पकडतो. घोटण्यात दर वेळी काहीतरी नवं मागितलं जातं. फुटबॉलमध्येही चेंडूशी एकट्यानं केलेल्या मेहनतीला जागा आहे. वील कूर्व्हर या डच प्रशिक्षकानं मोठ्या खेळाडूंच्या चित्रफिती बघून त्यांच्या चकव्यांचे तुकडे पाडले आणि ते मुलांना क्रमानं शिकवले. फेयेनूर्ड क्लबला १९७४ चा युएफा कप जिंकून देणारा हा माणूस. त्याची पद्धत जगभर पसरली. पण एकट्यानं शिकलेला चकवा खऱ्या माणसासमोर वापरून पाहिला नाही, तर तो वरातीतल्या कसरतीसारखा राहतो. बघायला छान, सामन्यात निरुपयोगी.

कोल्हापूरची पेठ

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड कुठे, असं विचारलं तर उत्तर कोल्हापूर. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की गाव दोन रंगांत वाटलं जातं. संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. एका संघाचं नाव तर चक्क प्रॅक्टिस फुटबॉल क्लब. कुस्तीच्या तालमीनं फुटबॉलला आपल्या ओसरीत जागा दिली, असं जगात फार ठिकाणी झालेलं नाही.

या पेठांनी मुलांना दोन मोठ्या गोष्टी दिल्या. पहिली, आदर्श. पोराला मोठा खेळाडू टीव्हीवर बघावा लागत नाही, तो त्याच गल्लीत राहतो. दुसरी, चिंचोळी जागा. बोळात खेळताना चेंडू लांब गेला की गटारात जातो किंवा कुणाच्या तरी घरात. त्यामुळे तो जवळ ठेवायची सवय लागते. दक्षिण अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९३० साली उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथं हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकानं छोट्या बंदिस्त मैदानावर पाच-पाच जणांचा खेळ सुरू केला, त्यातून फुटसाल आला. पेले, झिको आणि रोनाल्डिन्यो लहानपणी तोच खेळले. जागा कमी, खेळाडू कमी, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो आणि निर्णय चटकन घ्यावा लागतो.

पण कोल्हापूरची उणीवही सांगायला हवी. पेठेची सगळी ताकद मोठ्यांच्या सामन्यावर खर्च होते. जिंकण्यासाठी बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही आणले जातात. दहा वर्षांच्या पोराला मात्र मोठे खेळून उठल्यावर उरलेलं मैदान मिळतं, आणि शिकवायला कुणी असेलच असं नाही. वातावरण तालमीचं, पण वस्ताद मोठ्यांच्याच आखाड्यात.

ही उणीव काही अंशी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं भरली. १९९६ साली सुरू झालेली ही योजना लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजच्याच जातीची: लहान वयात मुलं निवडायची, वसतिगृहात ठेवायची, शाळा आणि खेळ एकत्र चालवायचे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं गोल केला, तो फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या तीन सामन्यांत आपली पोरं धावण्यात कमी पडत नव्हती. दडपणाखाली चेंडू ताब्यात घेऊन शांतपणे पुढचा पास देण्यात फरक दिसत होता. ही गोष्ट सतराव्या वर्षी शिकवायला घेतली तर उशीर झालेला असतो.

२०१८ पासून भारतीय फुटबॉल महासंघानं बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'बेबी लीग' सुरू केल्या. वयानुसार छोटं मैदान, कमी खेळाडू. नाव नवं आहे, विचार रहीम साहेबांच्या ओळखीचा आहे: खेळच असा बांधायचा की मुलाला शिकावंच लागेल.

मैदानाच्या कडेला उभे राहून काय पाहावं

शेवटी थोडा हिशेब करू. वीस मुलं, एक चेंडू, एक रांग. प्रत्येकाला १५ सेकंद धरा. एक फेरी व्हायला पाच मिनिटं. तासाभरात एका मुलाची पाळी १२ वेळा. म्हणजे तासातली तीन मिनिटं तो खेळला आणि ५७ मिनिटं पुढच्या पोराची पाठ बघत उभा राहिला.

तीच वीस मुलं चार-चारच्या पाच गटांत वाटा. प्रत्येक गटाला एक चेंडू. तीन जण पास देतात, चौथा मधे राहून अडवतो. तीन सेकंदांना एक पास धरला तरी मिनिटाला २० पास. दहा मिनिटांत एका गटाचे २००. मधला बदलत राहिला तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५०. शिवाय प्रत्येक पास वेगळा, कारण मधला पोरगा दर वेळी वेगळीकडून येतो. यासाठी हवेत पाच चेंडू आणि थोडी मोकळी जमीन. महागडं काही नाही.

'चाळीस पोरं आणि दोन चेंडू आहेत हो, काय करू?' असं म्हणणाऱ्या कोचची अडचण खरी आहे. आपल्या बहुतेक मैदानांची स्थिती तीच आहे. त्याला नावं ठेवण्यापेक्षा पालकांनी वर्गणी काढून दहा चेंडू आणून दिले, तर पोरांसाठी नव्या जर्सीपेक्षा तो खर्च कितीतरी कामाचा.

कोच कसा ओळखायचा? पोरगं चुकल्यावर तो काय करतो ते पाहा. ओरडून मैदानाला फेरी मारायला लावतो, की हॉगनला हवं होतं तसं 'टेकवलेला पाय चेंडूच्या फार मागे राहिला, पुन्हा कर' असं सांगतो? पोरांना एकाच अंतरावरून मारायला लावतो, की अंतर, दिशा आणि अडवणारे बदलत राहतो? कमजोर पायासाठी काही करतो का? आणि सर्वांत सोपी खूण: तासाभरात तुमचं मूल किती वेळ उभं होतं? खिशात घड्याळ असतंच. एकदा मोजून बघा.

मुलं सहा ते बारा या वयात चेंडूशी जी ओळख करून घेतात, ती पुढे जन्मभर पुरते. हे वय एकदाच येतं. त्यातल्या दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी रांगेत गेल्या तर कुणाला शिक्षा होत नाही, कुठे बातमी येत नाही. फक्त एक पोरगं पंधराव्या वर्षी 'मला जमत नाही' म्हणून खेळ सोडून देतं, आणि आपण समजतो की त्याच्यात मुळात गुणच नव्हते. रहीम मास्तरांनी गुण आहेत की नाहीत याची वाट पाहिली नव्हती. त्यांनी डाव्या पायाची स्पर्धा भरवली होती.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावातल्या, वसाहतीतल्या मैदानावर मुलं कशी शिकतात ते जरूर कळवा. नमस्कार.